बाहेरची कडी

मित्रांनो, दार लोटलं की बाहेरच्या अंगाने खट्टकन बसायची ती लोखंडी कडी मी. आता म्हातारी झाले. कडीला तिचं आयुष्य कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते.

माझा जन्म गडमुडशिंगीला लोहाराच्या भट्टीत झाला. पहिली नोकरी लागली ती म्हशीच्या गोठ्यावर. म्हैस मोठी गुणाची. मी लावलेली असो वा नसो, ती जागची हलत नसे. तरी सगळे म्हणत, कडी आहे म्हणून म्हैस आहे. फुकटचं कौतुक खायची सवय मला तिथेच लागली.

पुढे मालकांनी, म्हणजे महालिंगअप्पांनी, म्हैस विकून कोल्हापुरात भांड्यांचं दुकान टाकलं. घराच्या माडीवरच्या खोलीत दुकानाचा जादा माल ठेवत. त्या खोलीच्या दाराला आकाराम सुताराने मला बाहेरून ठोकलं. पातेल्यांची राखण करण्यात काही वर्षं गेली. मग पातेली खाली उतरली आणि खोली विद्याश्रीची झाली.

विद्याश्री अप्पांची थोरली लेक. सीए करत होती. ऑफिसातली आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, संपली होती, शेवटच्या परीक्षेतल्या विषयांचा एक ग्रुप सुटला होता, दुसरा राहिला होता. घरात पै-पाहुण्यांची सदा वर्दळ. एकदा तीच आईला म्हणाली, "अव्वा, बाहेरनं जरा कडी लाव की. कोण आलं तर सांग, घरात न्हाय म्हणून." आईने, म्हणजे शांतव्वांनी, मला लावलं. दाराच्या दोन्ही बाजूंनी मायलेकी हसल्या.

मित्रांनो, ते हसणं मी शेवटचं ऐकलं.

विद्याश्री त्या खेपेला कॉस्टिंगच्या पेपरात नापास झाली. अप्पांनी निदान केलं, बसणं कमी पडलं. तेव्हापासून मी त्यांच्या हातात गेले. दुकानाला निघताना ते मला लावत आणि जेवायला आले की काढत. मध्ये काही लागलं तर तिने हाक मारायची, शांतव्वांनी जिना चढायचा. आल्यागेल्याला अप्पा मला कौतुकाने दाखवत.

"परीक्षेला बसायचं म्हंजे बसायलाच पायजे. आमची पोरगी उठत न्हाय बघा!"

"उठंल कशी?" इचलकरंजीचे एक पाहुणे म्हणाले, "बाहेरनं कडी हाय की!"

सगळे हसले. मीही फुगले.

पण दाराचं लाकूड पातळ. आतलं सगळं मला कळे. पान उलटल्याचा आवाज, मग पुन्हा पान. दुपारी पत्रा तापला की ती दाराशी येऊन कपाळ टेकवून उभी राही. तिचा श्वास माझ्या खिळ्यांपर्यंत पोचे. त्या वेळी वाटे, आपण गळून पडावं. पण कडीला स्वतःला उघडता येत नाही. तिला कोंडलं म्हणून मीही अडकलेलीच होते. दुसऱ्या खेपेलाही ती नापास झाली. आता जेवायलाही खाली उतरणं बंद; अप्पांनी जेवणाचं ताट वर पाठवायला सुरुवात केली.

तेव्हा श्यामला आली. विद्याश्रीच्याच ऑफिसातली, आदल्या वर्षी सीए झालेली. मला पाहून ती जिन्यातच थबकली.

"अगंबाई! आत काय वाघ आहे?"

"अभ्यासाला बसलीया," मागून अप्पा म्हणाले.

श्यामलाने मला काढलं, आत गेली, टेबलाकडे बघितलं. "विद्या, पेन कुठंय तुझं?"

"सोडवलेली गणितं वाचतीया. सगळी कळतात गं."

"उत्तर समोर असल्यावर मलाही कळतात. झाक पुस्तक. लिही."

तिने एक जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दार सताड उघडं टाकलं. खाली मिक्सर घरघरत होता, पाहुणे बोलत होते. तीन तास झाले तेव्हा विद्याश्रीचा निम्मा पेपर कोरा होता. ती रडली नाही. नुसती त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली.

"एवढं बसून हे?" अप्पांचा आवाज चढला.

"काका, परीक्षेला बसायचं असतं खरं," श्यामला म्हणाली, "पण तिथं लिहायला लागतं. बसण्याला मार्क नाहीत."

अप्पा जिना उतरून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला निघताना सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. आतून दुसरा हात आला आणि माझ्यावर पडला.

"अप्पा, आता कडी नको."

"आन पास न्हाई झालीस तर?"

"तर नापास म्हणून तुमच्या म्होरं बसंन. पर आत जीव गुदमरतोय माझा. शिकलेलंबी आठवंना झालंय."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी नीट पाहिलं असेल, कोण जाणे! हात मागे घेतला आणि संध्याकाळी आकारामला बोलावणं धाडलं.

त्याने मला उपटून त्याच दाराला आतून ठोकलं. मग मला प्रथमच अभ्यास दिसला. पुस्तक झाकून ती घड्याळ लावून लिही, चुकलेलं लाल शाईने स्वतःच तपासे, आणि चुकलं तेच गणित चार दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर मांडी. कधी मला लावी, कधी खाली सोप्यात पाहुण्यांच्या गलक्यात बसून पेपर सोडवी, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये तरी कुठे मनासारखी शांतता असते! दमली की रंकाळ्यावर फिरून येई.

निकालाच्या दिवशी तिने मला लावून घेतलं होतं. खाली फोन वाजला. श्यामलाचा होता. मग जिन्यावर धडधड पावलं, आणि दारावर अप्पांची थाप.

"विद्या, उघड की गं! पास झालीस! उघड!"

बाहेर सगळं घर खोळंबलं होतं. आत विद्याश्री माझ्यावर हात ठेवून उभी होती. अप्पा किती वेळ दार वाजवत राहिले! तिने डोळे पुसले, ओढणी नीट केली, आणि मग सावकाश मला काढलं.

मित्रांनो, अभ्यासाला एकांत लागतो, नाही कोण म्हणतं? दार जरूर लावा. पण घरातल्या मोठ्यांना माझा एवढा निरोप द्या. कडी पोराच्या हाताला येईल अशी आतून ठोका. आणि वर्षाकाठी दोन थेंब तेल घाला, म्हणजे त्याला वाटेल तेव्हा ती चटकन निघेल.