दुसरा कागद
थोरली दाराला कान लावून उभी होती. आत तिची धाकटी जाऊ वाचत होती. खाण्याच्या पाकिटांवरची माहिती साध्या माणसाला कळते का, ते बघायला प्रौढांच्या साक्षरता वर्गात एक बाई कागद घेऊन आल्या होत्या.

"मीठ जास्त असेल तर पाकीट परत ठेवायचं," धाकटी म्हणाली. "पण हे 'प्रमाण' कशाला? 'किती' लिहा की सरळ!"

"वा! फार कामाचं सांगितलंत," बाई म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गात आधी नाव घातलं ते तिनं. घरात वाचणारी सून म्हणून मान तिचा. सासऱ्यांना साखरेचा आजार. प्रत्येक पाकीट ते तिच्यापुढे धरायचे आणि ती ओठ हलवून 'चालेल' किंवा 'नको' म्हणायची. आणि ही कालची पोर वाहवा मिळवते!

खरं तर थोरलीला अक्षरं लागतच नव्हती. पाठांतर मात्र असं दांडगं, की वर्गात कुणाला पत्ता नव्हता. आताही दाराआडून तिनं सगळं पाठ केलं.

तिची पाळी आली. "परीक्षा तुमची नाही हं, कागदाची आहे," बाई म्हणाल्या. "अडलात तर चूक आमची."

थोरलीनं चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि मिठाचं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. "कुठ्ठे अडलं नाही बघा!"

बाईंनी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "ताई, हा साखरेचा कागद आहे. मिठाचा मघाशी त्यांना दिला होता."

राहिलेली पिशवी न्यायला आलेली धाकटी दारातच उभी होती.

वाटेत थोरली झपाझप पुढे चालत राहिली. आता ही घरभर दवंडी पिटणार, थोरलीच्या मनात आलं.

घरात पाऊल टाकताच सासऱ्यांनी बिस्किटांचं नवं पाकीट पुढे केलं. "सूनबाई, चालेल का गं मला?"

"जाऊबाईंचा चष्मा वर्गात राहिला, बाबा," धाकटी घाईनं म्हणाली. "मी बघते."

चष्मा थोरलीच्या पर्समध्ये होता. धाकटी भांडली असती तर परवडलं असतं, भांडणात थोरली हार जाणारी नव्हती. पण हिनं आपल्याला सांभाळून घ्यावं? ते तिच्या जिव्हारी लागलं. तिनं चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पाकीट हातात घेतलं. वर हिरवं पान होतं. पान दिसलं की ती 'चालेल' म्हणायची.

सासऱ्यांनी बिस्किटासाठी हात पुढे केला.

"थांबा, बाबा. मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं." तिनं पाकीट धाकटीच्या हातात कोंबलं. "वाच तूच."

धाकटीनं वाचलं. "नको, बाबा. साखर फार आहे."

सासरे उठले. त्यांनी फळीवरचं अर्धं संपलेलं पाकीट काढलं. थोरलीनंच गेल्या आठवड्यात 'चालेल' म्हटलेलं. खुर्ची धाकटीकडे वळवून ते बसले.

"आणि हे गं?"