गिरमिट आणि मच्छिंद्राचं नाक

मी एक जुनं गिरमिट आहे. सुताराच्या पेटीतलं नव्हे हं! बाटलीचं बूच ओढून काढायचं गिरमिट. सध्या माझा मुक्काम देवळाली प्रवऱ्यात, एका शेतकऱ्याच्या घरातल्या खुंटीवर. एरंडेलाच्या बाटलीचं बूच अडलं की कुणीतरी मला खाली उतरवतं, एवढंच काय ते काम. पण मित्रांनो, मला असं तसं समजू नका. मी फार मोठ्या गावचं आहे.

फ्रान्स देशात बोर्दो नावाचं शहर आहे. तिथल्या एका लोहारानं माझा पिळाचा काटा घडवला आणि त्याला मूठ बसवली ती द्राक्षाच्या म्हाताऱ्या वेलाच्या खोडाची. त्यामुळे मी अर्धं लोखंडाचं आणि अर्धं त्या मातीचं. काय माती ती! गारोन आणि दोर्दोन या दोन नद्या तिथे एकमेकींना भेटतात, त्यांची जिरोंद होते आणि ती समुद्राला मिळते. डाव्या काठाला मेदोक. तिथली जमीन म्हणजे नुसते गोटे. आपला शेतकरी कपाळावर हात मारून घेईल. पण त्या गोट्यांत पाणी साचत नाही, वेलाची मुळं खोल खोल जातात, आणि त्या द्राक्षांची वाईन तरुणपणी तोंड आवळून टाकते, पण वीस वर्षं ठेवली की अशी मवाळ होते की काय सांगू! उजव्या काठाला सेंत-एमिलियोंचा चुनखडीचा उतार आणि पोमरॉलची चिकण माती, तिथली वाईन पहिल्यापासूनच मायाळू. आणि दक्षिणेला सोतेर्न. तिथे शरदात सकाळी नदीवरून धुकं येतं, द्राक्षांना बुरशी धरते, मणी सुरकुततात. कुणाला वाटेल, पीक गेलं. छे! तेच मणी एकेक करून वेचतात आणि त्यांची मधाच्या रंगाची गोड वाईन करतात.

हे सगळं मला कर्नल हॅरोबीसाहेबांमुळे कळलं. त्यांनी मला बोर्दोत विकत घेतलं आणि आगबोटीतून हिंदुस्थानात आणलं. अहमदनगरच्या कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच भरपूर बाटल्या मागवून तळघरात ठेवल्या होत्या. त्या कोठीवर त्यांनी माणूस नेमला तो मच्छिंद्र.

मच्छिंद्र इथलाच, देवळालीचा, गळ्यात तुळशीची माळ घालणारा. दारूचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हे त्याचं व्रत. साहेबांनी मुद्दाम असाच माणूस शोधला होता. कोठी शाबूत राहायला हवी ना! पण साहेब मोठे हौशी. बूच निघालं की ते माझ्या काट्यावरून काढायचे आणि मच्छिंद्राच्या नाकाशी धरायचे.

"सूंघो, मच्छिंदर. क्या बोलता है?"

पहिल्या दिवशी मच्छिंद्र म्हणाला, "साहेब, मुरमाड रानात पाणी मारल्यावर येतो तसा वास हाय."

साहेब खुर्चीतून उठलेच. ती बाटली बोर्दोजवळच्याच ग्राव्ह भागातली होती, खडीच्या जमिनीवरची. त्यांनी नकाशा आणला आणि दोन्ही नद्या बोटानं दाखवल्या. मच्छिंद्र म्हणाला, "ह्ये तर आमच्या प्रवरासंगमावानी हाय की!" त्या दिवसापासून दोघांची शाळा सुरू झाली. साहेब चाखायचे, मच्छिंद्र हुंगायचा. तिथली वाईन दोन-तीन जातींच्या द्राक्षांची मिसळ असते, तेही त्याला कळू लागलं. "हिच्यात एकीचा ताठा हाय आन् दुसरीची माया," असं तो म्हणायचा. बुरशीच्या सोतेर्नवर मात्र त्याचा बरेच दिवस विश्वास बसेना.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं. साहेब लोकांची जायची तयारी सुरू झाली आणि निरोपाची दुपारची मेजवानी ठरली. तळघर उघडून पाहतात तर काय, वाळवीनं सगळ्या बाटल्यांवरचे कागद फस्त केलेले! शेवटच्या बारा बाटल्या उरल्या होत्या. बुचांवरही नाव नव्हतं. कुठली कुठली, कुणाला ठाऊक?

"म्या सांगतो," मच्छिंद्र म्हणाला.

त्या दुपारी मी बारा बुचं काढली. मच्छिंद्रानं बारा वेळा डोळे मिटले. मेदोक, मेदोक, पोमरॉल, सोतेर्न... साहेब एकेक घोट घेत आणि मान डोलवत. बाराच्या बारा बरोबर! माझा तर ऊर भरून आला, मित्रांनो. पण एक पाहुणा मेजर मोठ्यानं हसून म्हणाला, "हा चोरून पीत असणार. न पिता एवढं कसं कळेल?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला पुसलं आणि मच्छिंद्राच्या हातात ठेवलं. "ये तुम्हारा," म्हणाले.

मेजरची थट्टा तिथेच विरली असती. पण मेसमध्ये देवळालीचे आणखी दोघे नोकर होते. मच्छिंद्र घरी पोचायच्या आधी ती गावात पोचली.

मच्छिंद्राची बायको रंगुबाई. तिचा बाप दारूपायी गेला होता. या माणसाच्या गळ्यातली माळ बघूनच ती लग्नाला उभी राहिली होती. दोन दिवस ती अन्नाला शिवली नाही.

"अवो, खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "म्या एकदा सोसलंय. आता पुन्यांदा न्हाई सोसायची."

"न्हाई गं, घेतली न्हाई म्या."

"मग कळलं कसं?"

भजनी मंडळाचे भिमाजीबुवा पाच माणसं घेऊन पारावर बसले आणि मच्छिंद्राला बोलावणं आलं. त्याच्या खिशातून मी डोकावत होतं. बुवांनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं.

"ह्ये काय? बाटली उघडायचं हत्यार खिशात, आन् गळ्यात माळ? मच्छिंद्रा, माळ उतरून ठेव."

मित्रांनो, ज्या मुठीचा मला एवढा तोरा होता, ती कुठे लपवू असं मला झालं. माझ्यापायी एका सज्जन माणसाची माळ उतरत होती आणि मला तोंड नव्हतं.

मच्छिंद्रानं माळ उतरवली. पारावर ठेवली. मग म्हणाला, "बुवा, आनभाक न्हाई घेत म्या. पारख करा. माझं नाक हाय तसं हाय. वल्ली माती आना, कुनाच्याबी रानाची. डोळं बांधा माझं."

लोकांना गंमत वाटली. चौघेजण चहूकडे गेले आणि फडक्यांत ओली माती घेऊन आले. बुवाही उठून गेले आणि आले. मच्छिंद्राचे डोळे त्याच्याच उपरण्यानं बांधले.

"ही ओढ्याकडची. शेनखत पडलंय हिच्यात." बरोबर. "ही टेकाडावरली, मुरमाची." बरोबर. "ही पाटाखालची, खारवल्याली." बरोबर. "ही गावठानामागली, हिच्यात राख हाय." तेही बरोबर. बायकाही पदर सावरत पुढे सरकल्या. रंगुबाई त्यांच्या मागे उभी होती.

शेवटचं फडकं बुवांचं. मच्छिंद्रानं हुंगलं आणि थांबला. पुन्हा हुंगलं. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "अडला बघा!"

"बुवा," मच्छिंद्र हळूच म्हणाला, "ही येका रानाची न्हाई. हिच्यात दोन हायती. येक तुमच्या मळ्याची, उसाच्या पाचटाचा वास येतोय. दुसरी माझीच. माझ्या बांधावरल्या लिंबाचा पाला कुजलाय हिच्यात."

बुवांनी स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं.

"म्या दोन्ही रानांतली येकेक मूठ मिसळली हुती," ते लोकांना म्हणाले. "कुनाला बोललो न्हाई. मला येकट्यालाच ठावं हुतं." त्यांनी माळ उचलली, कपाळाला लावली आणि मच्छिंद्राच्या गळ्यात घातली. "चुकलो, बाबा."

मच्छिंद्र गर्दीत रंगुबाईला शोधत होता. ती पुढे आली, डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "चला आता, जेवू. भाकरी निवली आसंल."

तेव्हापासून मी या खुंटीवर आहे. कर्नलसाहेब त्यांच्या देशी गेले. माझ्या काट्याला थोडा गंज धरतो, मग रंगुबाई मला राखेनं घासते आणि तेलाचं बोट फिरवते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी, निकामी वस्तू असेल. तिला फेकायच्या आधी जरा हातात घ्या, तिचं ऐका. आणि एखाद्या माणसाला आपल्याहून जास्त कळतं, एवढ्यावरून त्याच्यावर आळ घेऊ नका. आधी पारख करा.

मला गावाची आठवण येते, नाही कशाला म्हणू? पण संध्याकाळी रानातून आलं की मच्छिंद्र कधीकधी मला खाली काढतो, माझी वेलाची मूठ नाकाशी धरतो आणि डोळे मिटतो.

"अजून येतोय गं वास," तो रंगुबाईला सांगतो. "नदीकाठचा."

त्यानं माझं गाव कधी पाहिलं नाही. तिथला एक थेंब चाखला नाही. पण साऱ्या मुलखात माझं गाव ओळखणारा तेवढाच एक माणूस आहे.