थाय हॉटेलातलं ‘आम्ही’

महिन्यातून एकदा मी आणि माझी धाकटी बहीण दुपारच्या सुट्टीत एका थाय हॉटेलात जेवतो. हॉटेल म्हणजे सहा टेबलं, प्लॅस्टिक चढवलेलं मेन्यूकार्ड आणि पदार्थांपुढे छापलेल्या मिरच्या: एक म्हणजे बेताचं, तीन म्हणजे तुमचं तुम्ही बघा. पानात पडेल ते गरम असतं आणि मुख्य म्हणजे मी रांधलेलं नसतं. घरी बाबांसाठी दोन्ही वेळा मऊ भात मीच शिजवते. त्यांना पक्षाघात होऊन सहा वर्षं झाली.

आज मला तिला एकच विचारायचं होतं, बाबांना तीन महिने नेशील का? ते वाक्य मी कितीतरी दिवस घोळवत होते. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. लोकांची वाक्यं सरळ करण्यात हयात गेली आणि स्वतःचं एक काही तोंडातून निघेना.

सूप आलं. त्यात गवती चहाच्या काड्या. “सर्दी नसताना काढा प्यायचा,” असं मी दर वेळी म्हणते, आणि ती दर वेळी हसते. आज हसली नाही.

“बाबा कसे आहेत?”

“आहेत. परवा आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. आमच्या गोळ्या बदलल्यात. आता जरा झोप लागते आम्हाला.”

तिनं चमचा खाली ठेवला. “ताई, हे आम्ही म्हणजे कोण गं?”

“कोण म्हणजे? मी आणि बाबा.”

“तेच. सहा वर्षं ऐकतेय. आम्ही जेवलो, आम्ही पडलो, आम्ही बरे आहोत. एकदा तरी ‘आपण’ म्हणालीस? मला वाटायचं, तुला मी मध्ये नकोच आहे. माझेही वडील आहेत ना ते?”

चोराच्या उलट्या बोंबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण गिळलं. ती सुरुवातीला दोनदा यायला निघाली होती, तेव्हा “असू दे, मी बघते” म्हणून मीच तिला परतवलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन चालवणारी मी, मला ही स्वतःची चूक कधी दिसलीच नाही.

नूडल्स आल्या. मला भूक नव्हती.

“दमले गं मी,” मी म्हणाले. “पार दमले.”

“मग रविवारी नेते त्यांना.” ती नूडल्सवर लिंबू पिळत होती. “पुढचं आपण बघू.”

“अगं, पण तुझ्याकडे तो जिना, तुझ्या सासूबाई...”

“ताई. जेव.”

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला रडू कोसळलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं तिखट लागलं समजून पाण्याचा जग पुढे सरकवला. सहा वर्षं मी तिला मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि साधं विचारलं नव्हतं. आजसुद्धा विचारलं नव्हतंच.