रुमालाखालचा भाव

मी एक जुना रुमाल आहे. खिशात घडी करून ठेवतात तसला नव्हे, मित्रांनो. खांद्यावर टाकायचा, चांगला ऐसपैस, लाल काठाचा. मूळचा पांढरा होतो. आता माझा रंग कोणता हे मलाही सांगता येणार नाही.

विणकराने मला मोठ्या मायेने विणलं, असं म्हणायची अशा गोष्टींत रीत आहे. पण खरं सांगायचं तर तो विणताना शेजाऱ्याला शिव्या घालत होता. तरी वीण घट्ट आली. मला विकत घेतलं अर्जुनराव अडत्यांनी. वरवट बकालकडच्या बैलगाड्या ज्या पेठेत येत, तिथे शेतकऱ्यांचा माल विकून द्यायची त्यांची अडत होती. पेठेचं नाव सांगत नाही. तेव्हाच्या व्यापाऱ्यांचे नातू आज त्याच दुकानांत बसतात, आणि मला अजून नोकरी करायची आहे.

माझी नोकरी मोठ्या मानाची होती. त्या काळी मालाचा भाव तोंडाने बोलत नसत. अर्जुनराव मला आपल्या हातावर पसरत. एकेक व्यापारी पुढे येई, माझ्याखाली हात घाली आणि अर्जुनरावांची बोटं दाबून आपला भाव कळवी. सगळ्यांचे हात घालून झाले की अर्जुनराव घसा खाकरून माल कोणाला सुटला ते पुकारत. शेतकरी मान डोलवत. रुमालाखाली काय झालं ते फक्त दोन हातांना ठाऊक. आणि मला.

काय होत असे? काहीच नाही. भाव सकाळी चहावरच ठरलेला असे. या महिन्यात मिरची किसनरावांनी घ्यायची, पुढच्या महिन्यात चिंतामणशेटनी, अशा पाळ्या लागलेल्या असत. माझ्याखाली कोणी बोट दाबलेलं मला आठवत नाही. चिंतामणशेट उगाच हात ठेवून उभे राहत, तोंडावर मात्र घोर विचार. किसनराव तर अर्जुनरावांच्या तळहातावर तंबाखू टाकून निवांत चुना मळत. बाहेर मिरचीवाले श्वास रोखून माझ्या हालचालीकडे पाहत. रुमाल जास्त हलला की कुजबुजत, आज चढाओढ जोरात आहे.

अशी माझी बरीच वर्षं गेली. मग महाराष्ट्र झाला, आणि मागोमाग बाजाराचा नवा कायदा आला. बुलढाण्याहून उद्धवराव नावाचे बाजार समितीचे सेक्रेटरी आले. किडकिडीत, पोटाच्या दुखण्याने कंटाळलेले. त्यांनी लिलावाच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं की यापुढे रुमाल बंद, बोली उघड, आणि भाव फळ्यावर लिहायचा. अर्जुनरावांनी हात जोडले. कायदा त्यांना फार आवडला. पुढच्या बाजारी त्यांनी आधी रुमालाखाली ‘विचारविनिमय’ केला आणि मग ठरलेला भाव इतक्या मोठ्याने पुकारला की बैल बिचकले. उद्धवरावांनी तो फळ्यावर लिहिला आणि पोट धरून खाली बसले.

त्याच बाजारी रुक्मिणीबाईंची मिरची किसनरावांना सुटली. नवरा गेल्यापासून रुक्मिणीबाई एकट्या मळा करत होत्या. भाव इतका पडला की त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. अर्जुनराव गोड आवाजात म्हणाले, बाई, कशाला हाल करून घेता, मळा मला बटईनं द्या, घरबसल्या हिस्सा मिळेल. मिरचीचा शेवटचा तोडा पुढच्या बाजारी आणते, तेव्हा सांगते, असं म्हणून त्या निघाल्या. शेवटच्या तोड्यालाही हाच भाव आला तर मळा जाणार, हे त्यांनाही कळत होतं आणि अर्जुनरावांनाही.

संध्याकाळी गूळ घ्यायला त्या किसनरावांच्या दुकानी गेल्या. मी अर्जुनरावांच्या खांद्यावर तिथेच होतो. तहसिलातल्या कारकुनाच्या पत्नी चारुलताबाई मिरची घेत होत्या. पेठेतली सगळी दुकानं फिरून आल्या होत्या आणि सगळीकडे एकच भाव ऐकून वैतागल्या होत्या.

“भाव वरूनच आला, वहिनी,” किसनराव म्हणाले. “आमच्या हातात काय हाये?”

रुक्मिणीबाईंनी मिरचीचं पोतं पाहिलं. त्याला त्यांच्याच जुन्या लुगड्याच्या निळ्या काठाचं ठिगळ होतं.

“वरून म्हंजे कुठून, भाऊ?” त्या म्हणाल्या. “माह्या मळ्यातून त बैलगाडीत आली ते.”

चारुलताबाईंनी विचारलं, तुम्हाला काय मिळालं? रुक्मिणीबाईंनी सांगितलं. चारुलताबाईंनी पिशवीतली मिरची परत पोत्यात ओतली.

पुढच्या बाजारी चारुलताबाई आपल्या गल्लीतल्या बायका घेऊन थेट ओट्याशी आल्या. रुक्मिणीबाईंच्या शेवटच्या तोड्यासाठी अर्जुनरावांनी मला नुकतंच पसरलं होतं आणि किसनरावांचा हात माझ्याखाली गेला होता. चारुलताबाई सरळ आमच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. आता आमच्याकडे रीत अशी की बाईमाणूस रुमालाजवळ आलं की पुरुषाने हात काढून घ्यायचा. दोघांनीही सवयीने झटकन हात मागे घेतले. रीत पाळली गेली. फक्त मी अर्जुनरावांच्या मनगटावर घसरलो, त्यांचा तळहात उघडा पडला, आणि त्यावर अर्धवट मळलेली तंबाखू.

सगळा बाजार ती तंबाखू पाहत राहिला. म्हातारे उकंडराव मिरचीच्या ढिगावर टेकून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “काऊन बे किसन, इतके वर्सं आमचा भाव तू चुन्यात मळून राह्यला होता काय?”

उद्धवराव उठले, मला अर्जुनरावांच्या हातावरून उचललं आणि स्वतःच्या काखेत मारलं. म्हणाले, आता बोला, तोंडाने. चिंतामणशेट म्हणाले, या बायकांकडे लायसन कुठं आहे? उद्धवरावांनी थकल्या आवाजात सांगितलं की घरच्या खाण्यापुरतं घ्यायला लायसन लागत नाही, तेही कायद्यातच आहे.

चारुलताबाई भाव बोलल्या. चहावर ठरलेल्यापेक्षा बराच वर, दुकानातल्यापेक्षा बराच खाली. पाळी किसनरावांची होती, पण ते हात धोतराला पुसत उभे. चिंतामणशेटना वाटलं, बायकाच सगळी मिरची नेतील आणि आपलं दुकान रिकामं राहील. ते पाळी विसरले आणि वर बोलले. किसनरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू सख्ख्या भावाने घर फोडलं. मग तेही बोलले.

माल सुटल्यावर अर्जुनरावांनी हळूच मळ्याचं विचारलं.

“मळा माह्यापाशीच राह्यते,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “तुमी तंबाखू खा.”

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मीही सुखाने फाटलो असतो. पण चारुलताबाईंना दर बाजारी येणं कुठून जमणार? त्यांच्या घरी चूल होती, सासूबाई होत्या. थोड्याच दिवसांत व्यापाऱ्यांनी चहाची कपबशी कशी ठेवली यावरून भाव कळवायची नवी भाषा काढली. उद्धवराव तीही पकडत, मग ते तिसरी काढत. पुढे दिल्लीनेही मक्तेदारीविरुद्ध कायदा केला, दुकानदारांनी आपसांत ठरवून गिऱ्हाईक नाडायचं नाही म्हणून. तो कागद उद्धवरावांनी ओट्यावर चिकटवला. एका शेळीने त्याचा कोपरा खाल्ला. उद्धवरावांनी नवा लावला. पोटाचं दुखणं त्यांचं कधी बरं झालं नाही.

मला त्यांनी फळा पुसायला ठेवलं. कालचा भाव पुसायचा, आजचा लिहायला जागा करून द्यायची. बायका फळा वाचून दुकानात जातात आणि किसनरावांच्या नातवाला विचारतात की वरून येताना भाव वाटेत एवढा कसा लठ्ठ झाला. काही वेळा भाव उतरतो. काही वेळा नुसतं भांडण होतं.

मी फार थकलो आहे. काठ उसवला आहे, अंगात खडू इतका भरला आहे की कोणी झटकलं तर मलाच ठसका लागतो. पण धुऊन, घडी करून मला पेटीत ठेवू नका. विचारत राहा, लिहायला लावा, मला रोज माखा. ज्या दिवशी मी तुम्हाला पांढरा स्वच्छ दिसेन, त्या दिवशी समजा, भाव परत कुठेतरी झाकून ठरतो आहे.