चाक, धाव आणि घागर

दोन वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. थोरला सुतार, धाकटा लोहार; बापामागे ऐरण कुणाच्या अंगणात राहायची यावरून बिनसलं ते बिनसलंच. पण लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर दोघंही लागतात. म्हणून निरोप थोरल्याच्या बायकोच्या तोंडून जात.

"त्याला सांग, चाकात आरे बसले."

"वहिनी, दादाला सांगा, धाव तापली."

दोघांत अंतर चार हातांचं.

त्यात एक गोरा चित्रकार दुभाष्या घेऊन आला. कारागीर काम करताना रंगवायचे म्हणाला, आणि आधी सुतारणीलाच घागरीसकट बाजूला काढलं.

"बाई चित्रात नको," दुभाष्या म्हणाला.

"मग पाणी कोण ओतणार, तुझा साहेब?"

दुभाष्याने हे काही पुढे पोचवलं नाही.

लालभडक धाव चाकावर बसली, लाकूड धुमसू लागलं आणि साहेब खुलला. हलायचं नाही, म्हणाला. दोघे सांडशी धरून दगडासारखे उभे. आता पाणी मागायचं, म्हणजे धाव निवून चाकावर आवळेल, पण आधी तोंड कोण उघडणार? जो उघडेल तो हरला.

धूर काळा झाला. कडेला ज्वाळ दिसली. त्या चाकाचं लाकूड सुतारणीने दोन वर्षं स्वतःच्या चुलीपासून राखलं होतं.

"भावोजी, पाणी ओतू?"

धाकट्याने सांडशी आणखी घट्ट धरली.

"अहो, पाणी?"

नवऱ्याची मिशीसुद्धा हलली नाही.

मेल्यांनो, चाक जळतंय आणि नाकं वर, असं मनात म्हणत ती आत घुसली आणि घागर उपडी केली. चर्र झालं. साहेबाचे रंगही भिजले. वाफ ओसरली तेव्हा चाकाची एक बाजू कोळसा झालेली, आणि धाव तिथे खुळखुळत होती.

"तुला कुणी सांगितलं होतं?" थोरला गरजला.

"बरोबर बोलतोय दादा," धाकटा म्हणाला.

साहेबही त्याच्या भाषेत तिच्यावरच तडकला होता. "उद्या नवं चाक आणा म्हणतात," दुभाष्या म्हणाला.

तिने रिकामी घागर साहेबाच्या स्टुलापाशी आदळली. "विहीर तिकडे आहे, सांग त्याला." आणि घरात जाऊन आतून कडी लावली.

थोड्या वेळाने नवऱ्याने दार वाजवलं. "अगं, भूक लागलीय."

"भावोजींकरवी निरोप पाठवा," ती आतून म्हणाली.