डिंकाचे लाडू आणि माझं मौन

मित्रांनो, मी एक जुनी पाणबुडी आहे, अशी सुरुवात करायची रीत आहे. पण मी चांगली तरुण आहे, आणि पहिल्याच वाक्याला थाप मारू नये. पुढे जागा आहेच.

माझा जन्म जर्मनीतल्या कील बंदरातला. तिथल्या नौदलात माझ्या चुलत बहिणी आहेत, मी मात्र सिंगापूरच्या नौदलात आले. आमच्या घराण्यात आधी गप्प राहायला शिकवतात. मी पोटात हायड्रोजन आणि ऑक्सिजनची गाठ घालून देते. त्यातून वीज होते आणि उरतं ते निव्वळ पाणी. म्हणून श्वासासाठी वर न येता मी आठवडेच्या आठवडे बुडून राहते. माझं शेपूट फुलीच्या आकाराचं, त्यामुळे सिंगापूरच्या उथळ समुद्रातही मी झटकन वळते. आणि आवाज? एकदा एक देवमासा मला आपली आत्या समजून नमस्कार करून गेला!

गोदीत माझी देखभाल जयवंतीकाकू करतात. त्यांच्या हाताखाली यंत्रं मऊ चालतात, लाडू मात्र कडक होतात. सिंगापूरच्या बुकित पंजांग वस्तीतला त्यांचा शेजारी वेदांत माझ्यावर नवा खलाशी म्हणून आला. पहिल्या फेरीत चूक झाली, तर त्याची माझ्यावरची जागा जाणार होती. निघताना काकूंनी त्याच्या हातात स्टीलचा डबा दिला.

"काकू, नो नीड लाह! आत जेवण असतं."

"असू दे रे. डिंकाचे आहेत. आणि डबा परत आण हो, सासूबाईंचं नाव कोरलंय त्यावर."

त्या फेरीत सराव होता. आमचीच जहाजं पाण्याला कान लावून मला आवाजावरून शोधणार, मी लपणार. मी तळाशी निवांत बसले. एक जहाज डोक्यावर आलं, आणि तळच्या प्रवाहाने मी जराशी हलले.

गडगड, गडगड.

कॅप्टन टॅन कुजबुजले, "कोणाचं पोट वाजतंय?"

वेदांतने डब्यावर हात दाबला. "सर... लाडू."

डबा टॉवेलात गुंडाळला, तरी आतले लाडू गडगडतच राहिले. वर जहाजाचा पंखा जवळ येत होता. मित्रांनो, माझी सगळी जर्मन अब्रू त्या डब्यात होती!

"खाऊन टाका," कॅप्टन म्हणाले. एकाने चावा घेतला. कडाड्! "चावू नका, चघळा!"

मग काय, सगळे शूर खलाशी गाल फुगवून डिंक चघळत बसले. रिकामा डबा वेदांतने आपल्या मोज्यात घातला. जहाज वरून निघून गेलं. आम्ही सापडलो नाही, वेदांतची जागा राहिली.

परतल्यावर त्याने काकूंना डबा दिला. तो जड लागला.

"लाडू उरले?"

"नाही काकू. रिकामा डबा परत द्यायचा नसतो ना? आई सांगते. पाणबुडीत साखर नव्हती, म्हणून..."

काकूंनी झाकण उघडलं. आत माझं पाणी होतं, मी तळाशी बसून केलेलं. काकूंनी ते घरी नेऊन तुळशीला घातलं. आता ती तुळस तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली आहे, असं मी ऐकते.

एवढं एक करा, मित्रांनो. आम्ही यंत्रं गप्प राहून काम करतो, म्हणून आम्हाला विसरू नका. काकूंसारखा हात फिरवा, तेल घाला, पुसा. मग आम्हीही तुमचा डबा रिकामा पाठवणार नाही.