मास्तरांची गाडी गाळात

मित्रांनो, मला दोन ब्रेक आहेत. एक गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. यावरून तुमच्यातल्या चाणाक्ष मुलांनी ओळखलंच असेल की मी एक जुनी मोटार आहे, आणि तीही शिकवणीची.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. पांढरा रंग, एक ब्रेक, एक क्लच. दुकानात गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी मला पाहिलं, दार उघडून दोनदा मिटलं, आवाज ऐकून मान हलवली आणि मला घेऊन गेले. आठवडाभरात गॅरेजमध्ये माझ्या पोटात जादा ब्रेक आणि जादा क्लच बसवला. डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी आली.

मास्तर म्हणजे किडकिडीत, नीटनेटके गृहस्थ. बसताना गुडघ्यावर घडी केलेला रुमाल ठेवायचे आणि शेजारचा माणूस कितीही चुकला तरी आवाज चढवायचे नाहीत. "घाई नाही. रस्ता कुठे पळून जात नाही," एवढंच म्हणायचे. माझ्या स्टिअरिंगच्या चाकामागे काय काय माणसं बसून गेली. कुणी गवत उपटावं तसा गिअर ओढायचं. कुणी समोरून ट्रक आला की डोळेच मिटून घ्यायचं. एक पोस्टमन तर वळताना स्वतःच हात बाहेर काढून लोकांना नमस्कार करायचा. या सगळ्यांना मी गल्लीबोळांतून सुखरूप फिरवून आणलं. मास्तर रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत आणि बॉनेटवर हलकेच थाप मारत. मित्रांनो, त्या थापेवर मी दिवसभर धावत असे.

मास्तरांची पत्नी आजारपणात गेली, तेव्हा त्यांची लेक कॉलेजात होती. ती माझ्यावरच गाडी शिकली. इतरांशी मऊ बोलणारे मास्तर तिच्याशी मात्र कडक वागत. "अनोळखी जमीन दिसली की आधी खाली उतरायचं. पायांनी बघायचं, मग चाकांनी," हे वाक्य तर त्यांनी तिच्याकडून पाठच करून घेतलं होतं. पुढे लेकही शिकवू लागली. तिच्यासाठी नवी कोरी निळी गाडी आली. सगळे विद्यार्थी निळीकडे वळले आणि मी मास्तरांच्या ड्रायव्हिंग शाळेच्या मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली जाऊन पडले. माझी बॅटरी उतरली. आरशाच्या मागे कोळ्याने घर केलं. ते दिवस फार लांब वाटले मला.

तिथून मला बाहेर काढलं ते टेलरबाईंनी. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे सायकलवरून पोहोचवून त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून गाडी शिकायला आल्या. निळ्या गाडीवर जागा नव्हती. मास्तर म्हणाले, "जुनी चालेल का?"

"मीही काही नवी नाही," बाई म्हणाल्या.

बाई पुढे झकास जात, पण रिव्हर्स म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसे. मागे जाताना नेमकं चाक कुठे फिरवायचं हे त्यांना उमगेना. परीक्षेत त्या रिव्हर्समध्येच नापास झाल्या. पुन्हा आल्या, पुन्हा नापास झाल्या. शेवटी परीक्षकच कंटाळले असावेत. त्यांनी परवाना दिला. शिकवणी संपली, पण बाई आणि मास्तर यांचं बोलणं संपलं नव्हतं.

आता अडचण अशी, की बोलायचं कुठे? गावातल्या निम्म्या लोकांना गाडी मास्तरांनीच शिकवलेली. चहाच्या दुकानात बसावं तर कोपऱ्यातून कुणीतरी "नमस्कार मास्तर" म्हणून खुर्ची ओढणार. बागेत बसावं तर तिथेही तेच. उरलेल्या निम्म्यांची मापं टेलरबाईंकडे. म्हणून रात्रीची जेवणं झाली की मास्तर "जरा गाडी फिरवून आणतो, बॅटरी उतरते" असं लेकीला सांगत आणि आम्ही बाईंना घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जात असू. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे कडक मुरमाची एक जागा होती. तिथे मी उभी राहायची. थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला जायचा. काच थोडी खाली असायची. कापडाचे भाव, हट्टी विद्यार्थी, गुडघ्याचं तेल, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, असल्या गप्पा चालायच्या. मला फार बरं वाटायचं. माझी बॅटरी तर अगदी ठणठणीत झाली होती.

पण लेकीला मास्तरांनी काहीच सांगितलं नव्हतं. बाई विचारत, आणि मास्तर म्हणत, "सांगतो. चांगला दिवस बघून सांगतो." असे बरेच चांगले दिवस येऊन गेले.

आता ती रात्र सांगते. चहा पिऊन झाला होता. बाईंनी पेला पुसून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर, माझा भाऊ बोलावतोय. त्याच्या गावी मोठं घर आहे, मशीन ठेवायला खोली देतो म्हणतोय. येत्या रविवारी त्याला उत्तर द्यायचंय."

मास्तरांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"मला असं अंधारात बसायचा कंटाळा आलाय," बाई म्हणाल्या. "मी काय चोरीचा माल आहे?"

 मास्तरांच्या तोंडाला काम नव्हतं म्हणून हातांनी काम काढलं. "थांबा, जरा पुढे घेतो, पाणी दिसेल," असं पुटपुटत त्यांनी मला सुरू केलं आणि पुढे नेलं. खाली उतरले नाहीत. पायांनी बघितलं नाही. त्या वर्षी तळं आटून मागे सरकलं होतं आणि दुधावर साय धरावी तसा ओल्या गाळावर मातीचा पातळ थर सुकला होता. वरून पाहावं तर मैदान. माझी पुढची दोन्ही चाकं त्यावर गेली आणि साय फाटली.

पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते खरं आहे. मास्तरांनी जे इतकी वर्षं दुसऱ्यांना करू दिलं नव्हतं, तेच त्यांनी केलं. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. माझी चाकं जागच्या जागी गरगरली आणि मी अजून खाली गेले. थोड्याच वेळात माझं पोट गाळाला टेकलं. इंजिन बंद झाल्यावर बेडकांचा आवाज तेवढा राहिला.

मग दोघांनी पुष्कळ खटपट केली. माझ्या आतल्या, पाय ठेवायच्या रबरी चटया चाकांखाली घातल्या. त्या गाळाने गिळल्या. वीटभट्टीतून विटांचे तुकडे आणले, तेही गेले. बाईंची एक चप्पल रुतली ती हाताने ओढून काढावी लागली. शेवटी दोघंही चिखलाने माखून मागच्या सीटवर येऊन बसले. बाईंना हसू येत होतं. मास्तरांना येत नव्हतं.

"गॅरेजवाल्याला बोलवू का?" ते म्हणाले. "पण त्यालाही मीच शिकवलंय. उद्या दुपारपर्यंत गावभर होईल. त्यापेक्षा आपण चालत जाऊ. सकाळी बघू गाडीचं."

"माझे गुडघे चालत यायचे नाहीत. आणि गाडी इथे सकाळी लोकांनी बघितली तर काय सांगणार आहात?"

मास्तरांनी रुमालाने हातांचा चिखल पुसला.

"कुणाला तरी बोलवावंच लागणार," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग जिला कधीतरी सांगायचंच आहे, तिलाच बोलवा."

मास्तरांनी फोन हातात घेतला. किती तरी वेळ तो त्यांच्या हातात नुसताच उजळत आणि विझत राहिला. मित्रांनो, माझ्या मागच्या सीटवर मी पुष्कळ घाबरलेली माणसं पाहिली आहेत, पण मास्तरांना तसं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी त्यांनी फोन लावला. "पोरी, गाडी रुतलीय. तळ्याजवळ, वीटभट्टीच्या मागे. दोर घेऊन ये." मग जरा थांबून म्हणाले, "मी एकटा नाही."

निळी गाडी आली. मुरमाची जमीन संपायच्या आधीच ती थांबली. लेक उतरली, झोपायच्या कपड्यांवर स्वेटर, पायांत बूट, हातात विजेरी. तिने आधी जमीन पायांनी चाचपत चाचपत पाहिली. मग विजेरी माझ्यावर, मग वडिलांवर आणि शेवटी बाईंवर आली आणि तिथेच थांबली.

"ह्या... ह्या माझ्या विद्यार्थिनी होत्या," मास्तर म्हणाले.

"ओळखते मी," लेक कोरड्या आवाजात म्हणाली. "सहावीत माझ्या गणवेशाच्या बाह्या आखूड शिवल्या होत्या यांनी."

"आखूड नव्हत्या," बाई म्हणाल्या. "सुट्टीत तुझे हात वाढले."

लेक निळीकडे वळली. तिने दोर काढला, एक टोक निळीला आणि दुसरं माझ्या मागच्या हुकाला बांधलं. मास्तर माझं दार उघडून आत बसायला निघाले. लेकीने त्यांना दारातच अडवलं.

"बाबा, तुम्ही नको. पुढून ढकलायला माणूस लागेल. चाक त्यांच्याकडे द्या."

"पण त्यांना रिव्हर्स..."

"तुम्ही शिकवलंय ना?"

मास्तर बाजूला झाले. बाई माझ्या चाकामागे बसल्या. त्यांचे तळवे घामेजले होते; मला कळत होतं. लेक खिडकीशी वाकली आणि अगदी वडिलांच्या सुरात म्हणाली, "चाक सरळ धरा. क्लच हळू सोडा, अगदी हळू. मी ओढते आहे, तुम्ही नुसती साथ द्यायची. घाई नाही."

निळीने दोर ताणला. बाईंनी श्वास रोखून क्लच सोडला. मास्तरांनी माझ्या बॉनेटला खांदा लावला. माझी चाकं उलटी फिरली आणि पहिलं काय झालं असेल तर गाळाचा एक मोठा फवारा मास्तरांच्या तोंडावर बसला. पण बाई थांबल्या नाहीत. मी हलले. गाळाने मला सोडताना मोठा आवाज केला, आणि मी मागे, मागे, सरळ रेषेत येऊन कडक मुरमावर उभी राहिले. बाईंनी हँडब्रेक लावला आणि त्या तशाच बसून राहिल्या.

लेकीने विजेरी वडिलांवर धरली. डोळे सोडले तर मास्तर सगळेच्या सगळे काळे झाले होते. ती हसली. हसता हसता रडली, आणि मग जरा रागावली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला आईची आठवण येऊन वाईट वाटेल म्हणून."

"मला आईची आठवण रोजच येते, बाबा. तुम्ही सांगा नाही तर नका सांगू. वाईट याचं वाटतंय की घरात एवढी जागा असताना तुम्ही इथे बेडकांत बसता. आणि मला बॅटरीच्या गोष्टी सांगता."

 लगेच सगळं गोड झालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढचे दोन-तीन दिवस लेक शिकवणीला जायची, यायची आणि वडिलांशी कामापुरतंच बोलायची. मला मात्र तिने पडवीत ढकललं नाही. अंगणात उभं करून धुतलं. वरवर नव्हे, जमिनीवर आडवी होऊन, चाकांच्या आत हात घालून तिने बोटांनी गाळ काढला. माझ्या सीटची कव्हरं चिखलाने वाया गेली होती. ती तिने काढली, गुंडाळली, मला सुरू केलं आणि थेट टेलरबाईंच्या दुकानासमोर नेऊन उभं केलं.

काचेतून मला दिसत होतं. लेकीने कव्हरं टेबलावर ठेवली. बाईंनी माप घेतलं. मग माप घेऊन झाल्यावरही लेक उठली नाही. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण गिऱ्हाइकं येऊन परत गेली तरी बाईंनी मशीनला हात लावला नाही. एकदा लेकीने डोळे पुसले, एकदा बाईंनी. निघताना लेक दारात वळून म्हणाली ते मात्र ऐकलं.

"रविवारी तुमच्या भावाला उत्तर द्यायचंय ना? मग शनिवारी जेवायला या. आधी जेवण, मग उत्तर."

बाई जेवायला आल्या. भावाला काय उत्तर गेलं, ते तुम्ही ओळखलं असेलच. काही महिन्यांनी मास्तर आणि बाई माझ्यात बसून कचेरीत लग्नाच्या सह्या करायला गेले, लेक गाडी चालवत होती.

मित्रांनो, आता मी फारशी लांब जात नाही. माझा पत्रा जागोजागी फुगलाय, सकाळी सुरू होताना मी खोकते. पण माझ्या सीटवर निळ्या जाड कापडाची कव्हरं आहेत, टाके असे सरळ की मोजून घ्यावेत. बाई मला बाजारात नेतात आणि येताना सामानासकट रिव्हर्समध्ये फाटकातून आत घेतात.

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, सायकल असेल, तर तिच्यासाठी एवढंच मागते. ती चिखलातून आली की नुसतं वरून पाणी मारून मोकळे होऊ नका. वरून गाडी चकाकते, पण आत राहिलेला चिखल लोखंड खातो, आणि ते खूप उशिरा कळतं. जरा वाका, हात घाला, आतलं काढा. हात मळतील, ते धुता येतात. माणसांचंही असंच असतं, असं बाई म्हणतात. मला माणसांतलं काय कळणार? पण त्या म्हणत होत्या तेव्हा मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते, आणि ते "हो" म्हणाले.